मागच्या गेटाजवळची खोली

"तुमच्याकडे वीज जाते का हो?"

फोनवरचा मुलगा हसला. शिकवून तयार केलेलं, गोड हसू. "नाही मॅडम, आमच्याकडे वीज जातच नाही. शिवाय पोहण्याचा तलाव आहे, मुलांना खेळायला जागा आहे, सगळ्या खोल्यांना एसी आहे."

"आणि समजा गेलीच, तर?"

"जातच नाही, मॅडम."

नऊताईंनी त्याचे आभार मानले, फोन ठेवला आणि पलंगाकडे बघून मान हलवली. उशांना टेकून बसलेले त्यांचे यजमान, मिस्त्री, नाकातली नळी सारखी करत म्हणाले, "हेही बाद?"

"हेही बाद."

सकाळपासून हेच चाललं होतं. त्यांना जायचं होतं ते राष्ट्रीय उद्यान इतकं नावाजलेलं होतं की त्याच्या मुख्य गेटाभोवती हॉटेलं, रिसॉर्ट, तंबू आणि लाकडी घरं कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवली होती. जागा मिळत नाही अशी अडचण नव्हती. अडचण होती ती निवडण्याची. लोक खोलीतून काय दिसतं, जेवण कसं असतं, जनावरं कुठल्या बाजूला जास्त दिसतात, असं विचारून राहायची जागा ठरवतात. नऊताईंना यातलं काहीच विचारायचं नव्हतं. मिस्त्रींचा श्वास भिंतीतल्या प्लगवर चालत होता. पलंगाशेजारचं ऑक्सिजनचं मशीन दिवसाचा बहुतेक वेळ आणि सगळी रात्र घुमत असे. बाहेर न्यायला एक छोटं सिलिंडर होतं, पण ते नुसतं वेळ मारून न्यायला. वीज गेली आणि लवकर आली नाही, तर पुढे काय, याचा विचार त्या मनातही पूर्ण करत नसत.

नऊताई हे त्यांचं खरं नाव नव्हे. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या, आणि कुठल्याही खोलीतून नऊ फिरवलं की त्या लागायच्या. त्यामुळे थोरल्या डॉक्टरांपासून झाडूवाल्या मामांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच नाव बसलं. जिन्याखालच्या बिनखिडकीच्या खोलीत कानाला हेडफोन लावून त्यांनी सगळी नोकरी काढली. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे त्यांना फोन करणाऱ्यांच्या बोलण्यातून कळायचं. माणसाचं तोंड न बघता माणूस ओळखायची सवय तिथेच लागली. कोण घाबरलंय, कोण नुसतं घाबरल्याचं सोंग करतंय, कोण रडून मोकळं झालंय आणि कोणाचं रडणं अजून बाकी आहे, हे त्या पहिल्या दोन वाक्यांत ओळखायच्या. आणि ओळखलं, तरी त्याची कुठे वाच्यता करायच्या नाहीत.

एकदा दुपारी एका बाईंचा फोन आला होता. अपघात विभागात गर्दी आहे का, एवढंच त्यांना हवं होतं. दुकान उघडं आहे का असं विचारावं, तितक्या सहज. नऊताई गर्दी नाही म्हणणार, तेवढ्यात त्यांना दोन शब्दांमधला श्वास ऐकू आला आणि मनात पाल चुकचुकली. घरी कोण आहे, घर कुठे आहे, दाराला कडी आहे का, असं काहीबाही विचारत त्यांनी बाईंना बोलतं ठेवलं आणि दुसऱ्या लाइनवरून ॲम्ब्युलन्स पाठवली. बाईंचं बाळंतपण अडलं होतं. शेजाऱ्यांना कशाला त्रास, म्हणून त्या एकट्याच रिक्षाने यायला निघाल्या होत्या. ॲम्ब्युलन्सचे लोक दारात पोचल्याचा आवाज आला, तोवर नऊताईंनी लाइन सोडली नाही. बाई आणि बाळ दोघंही वाचली. ऑपरेटरने काय केलं हे कोणाला कळलंही नाही, कारण कळवायचं असतं हे नऊताईंना सुचलंच नव्हतं.

मिस्त्रीही त्यांना फोनवरच भेटले. हॉस्पिटलच्या वर्कशॉपमध्ये ते सुतार होते. दारं, कपाटं, पलंगाशेजारच्या पेट्या, कुबड्या, सगळं त्यांच्या हातचं. स्टोअरला फोन जोडून घ्यायला ते नऊ फिरवायचे. काम झालं की बाकीचे लोक फोन आपटायचे. हा एक माणूस "झालं, ठेवतो" म्हणायचा आणि मग ठेवायचा. एका वर्षाने नऊताईंनी चौकशी केली की हा 'झालं, ठेवतो' कोण आहे, आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

वर्कशॉपलाही खिडकी नावापुरतीच होती. करवतीचा भुसा आणि पॉलिशचा वास त्यांच्या छातीत वर्षानुवर्षं जाऊन बसला. निवृत्त झाले तेव्हा जिना चढताना धाप लागायची. हळूहळू जिना सुटला, मग अंगण सुटलं, मग खोलीतल्या खोलीत उठबस उरली. माणूस कधी तक्रारीचा नव्हताच. लग्न झाल्यापासून त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं नऊताईंना आठवत नव्हतं. आणि मागच्या महिन्यात एका सकाळी चहाचा कप खाली ठेवत ते म्हणाले होते, "मला एकदा जंगल बघायचं आहे."

"जनावरं?"

"जनावरं कशाला? झाडं. आयुष्यभर लाकडाला हात लावला, पण ते माझ्याकडे यायचं आडवं होऊन. उभं असतं तेव्हा कसं दिसतं, ते नीट बघितलंच नाही मी."

नऊताईंनी त्याच दिवशी छातीच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर जुने ओळखीचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वीज आणि दवाखाना जवळ असेल अशाच जागी राहा, गाडीत सिलिंडर असू दे, असं बजावलं आणि म्हणाले, "जा, जाऊन या." ते 'जा' त्यांनी जरा जास्तच लवकर म्हटलं. पुढच्या वर्षी जाऊ, असं म्हणण्यात आता अर्थ नाही, हे नऊताईंना त्या एका अक्षरावरून कळलं. त्यांनी डॉक्टरांचे आभार मानले, आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभ्या राहिल्या.

मिस्त्रींच्या मनात राहायचं होतं ते जंगलाच्या आत, वनखात्याच्या जुन्या विश्रामगृहात. वर्कशॉपला लाकूड पुरवणारा एक ठेकेदार त्यांना सांगायचा की त्या विश्रामगृहाच्या आवारात असं एक झाड आहे की तीन माणसांनी हात धरले तरी कवेत येत नाही. नऊताईंनी पहिला फोन तिथेच केला होता. तिथल्या कारकुनाने काही लपवलं नाही. आत लाइट नाही, म्हणाला, छपरावर सौर दिवे आहेत तेवढेच, त्यांच्यावर पंखाही फिरत नाही.

मिस्त्रींना हे सांगताना त्यांच्या जिवावर आलं. मिस्त्रींनी मशीनकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं. आता हे जिथे म्हणेल तिथे जायचं." आणि मशीनच्या पाठीवर, म्हाताऱ्या बैलाला थोपटावं तसं, त्यांनी हळूच थोपटलं.

दुसऱ्या शहरात नोकरीला असलेल्या मुलाने तोवर मुख्य गेटाजवळचं एक रिसॉर्ट शोधून ठेवलं होतं. फोटो सुंदर होते. पाचपैकी जवळजवळ पाच तारे होते. गाडी थेट खोलीपर्यंत जात होती. मुलगा मनापासून बोलत होता; बापासाठी काहीतरी चांगलं करायला मिळतंय याचा आनंद त्याच्या आवाजात मावत नव्हता. म्हणूनच नऊताईंना त्याला नाही म्हणणं अवघड गेलं. पण रिसॉर्टला त्यांनी तीन वेळा फोन केला होता आणि तीन वेगळ्या माणसांनी तेच वाक्य, त्याच चालीत, म्हणून दाखवलं होतं. वीज जातच नाही. आसपासच्या हॉटेलांतूनही तीच रेकॉर्ड वाजत होती. कदाचित ते खरंही असेल. पण ज्याच्याकडे वीज कधी जातच नाही, त्याने ती गेल्यावर काय करायचं याचा विचार कशाला केलेला असेल?

राहता राहिलं मागच्या गेटाचं एक गेस्ट हाउस. त्या गेटाने फारसं कोणी जंगलात शिरत नाही. नंबरही जुना होता. बराच वेळ घंटी वाजल्यावर एका बाईंनी फोन उचलला. मागे कोंबड्यांचा कलकलाट होता.

नऊताईंनी आपला प्रश्न विचारला.

"जाते की," बाई म्हणाल्या. "जेवणाच्या वेळेला हमखास जाते. परवा वारा सुटला तर दिवसभर आली नाही."

"मग काय करता?"

"जनरेटर आहे. जुना आहे, लाथ घातल्याशिवाय सुरू होत नाही. पण होतो." मग त्या जरा थांबल्या. "का विचारताय?"

सकाळपासून इतक्या जणांशी बोलणं झालं होतं, पण का विचारताय, असं कोणीच विचारलं नव्हतं. नऊताई खुर्चीत नीट बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. मशीन, नळी, सिलिंडर, डॉक्टर. पलीकडून कोणी काळजी करू नका म्हणालं नाही. बाईंनी विचारलं की मशीन किती वॅटचं आहे. नऊताईंनी चष्मा लावून मशीनच्या मागची पट्टी वाचून दाखवली. बाई म्हणाल्या, "आत्ताच हो म्हणत नाही. बघते आणि मीच फोन करते." आणि फोन ठेवला.

दुपार टळून गेल्यावर फोन आला. बाईंनी जनरेटरवर घरातला फ्रीज आणि इस्त्री एकदम लावून बघितली होती. पेललं, म्हणाल्या. रस्त्यापलीकडच्या सरकारी दवाखान्यात जाऊन मोठं सिलिंडर भरलेलं आहे का तेही विचारून आल्या होत्या. आहे, आणि तिथली नर्स गरज पडली तर पाठवून देईल. पाहुण्यांच्या खोल्यांना पायऱ्या होत्या, म्हणून त्या आपली स्वतःची खालची खोली देणार होत्या. "फक्त एक सांगते," त्या शेवटी म्हणाल्या. "जनावरं बघायची असली तर इकडे येऊ नका. पुढच्या गेटालाच जा. आमच्या बाजूला नुसती झाडं आहेत."

नऊताईंनी फोनवर हात ठेवून पलंगाकडे बघितलं. "अहो, तिकडे म्हणे नुसती झाडं आहेत."

मिस्त्रींच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते बघून त्यांनी पुढे काही विचारलं नाही. खोली ठरली.

मुलाला मात्र हे पटेना. संध्याकाळी त्याने त्या जागेचे फोटो शोधून बघितले आणि आईला फोन लावला. प्लास्टिकच्या खुर्च्या, पत्र्याचं छप्पर, कुठल्याशा पाहुण्याने रागाने लिहिलेलं की बाथरूमची कडी नीट लागत नाही. "आई, तू नुसत्या आवाजावरून खोली ठरवणार?"

"तुझ्या बाबांना मी कशावरून ठरवलं होतं?"

मुलगा हसला. मग गंभीर होऊन म्हणाला की काही झालं तर तो स्वतःला माफ करू शकणार नाही. नऊताईंनी त्याला समजावलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "मला अशी जागा हवी, जिथे काही झालं तर मला ते लगेच सांगतील. खोटं बोलून मला गप्प बसवणार नाहीत." मुलाने थोडा वेळ विचार केला आणि दोन दिवसांची रजा टाकली. गाडी तो स्वतः चालवणार होता.

गेस्ट हाउस फोटोत होतं तसंच निघालं. मालकीणबाई आवाजावरून वाटल्या होत्या त्याहून बुटक्या होत्या आणि पदर खोचून फाटकापाशी उभ्या होत्या. नमस्कार-चमत्कारात वेळ न घालवता त्यांनी मशीन कुठे लावायचं ते दाखवलं, जनरेटरची वायर कुठून आणली आहे ते दाखवलं, आणि मुलाला हाताला धरून मागच्या शेडमध्ये नेऊन लाथ नेमकी कुठे घालायची तेही दाखवलं. मुलाला हसावं की घाबरावं कळेना.

खोलीचं मागचं दार उघडलं आणि मिस्त्री दारातच थबकले. दोन पावलांवर तारेचं कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे साग उभे होते. सरळ, एकामागे एक, नजर पोचेल तिथवर. अंगणातच, कुंपणाच्या अलीकडे, एक जुनं अवाढव्य झाड होतं. त्याच्या मुळ्या जमिनीवर आल्या होत्या आणि त्यांवर मालकीणबाईंनी धुतलेले हंडे पालथे घातले होते. मिस्त्रींनी नऊताईंचा खांदा धरला. त्या बाकीचं सामान लावायला गेल्या आणि परत आल्या, तरी ते तसेच दाराची चौकट धरून उभे होते.

दुपारी जेवण होतंय तोच वीज गेली. पंखा मंदावला, मशीनने एक लांब शिटी दिली आणि ते गप्प झालं. मुलगा ताटावरून उठला. सिलिंडरची चावी हातात घेतली, ती निसटली, पुन्हा घेतली. नऊताईंनी मिस्त्रींचा हात धरला होता आणि त्यांचं लक्ष बाहेर होतं. शेडकडून मालकीणबाईंचा आवाज आला, "गेली, गेली! आणते!" मग एक धाडकन आवाज. मग दुसरा. मग जनरेटर खोकला, थांबला, पुन्हा खोकला, आणि धरला. मशीन घुमायला लागलं. मुलगा चावी हातात धरून तसाच उभा होता.

खिडकीत काळे झालेले हात आले आणि मागोमाग चेहरा. "आली का?"

"आली," नऊताई म्हणाल्या.

"सांगितलं होतं ना, जेवणाच्या वेळेला जाते."

मिस्त्रींना इतकं हसू आलं की त्यातून खोकला लागला, आणि तो थांबेपर्यंत मालकीणबाई खिडकीत उभ्या राहिल्या. मुलगा ताटावर परत बसला. थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "आई, बाई पक्क्या आहेत." एवढंच.

बाथरूमची कडी खरंच लागत नव्हती. मिस्त्रींना ते सहन होईना. त्यांनी मुलाला स्क्रू-ड्रायव्हर मागून आणायला लावला आणि खुर्चीत बसल्या बसल्या सांगू लागले. आधी स्क्रू काढ. भोक मोठं झालं असेल बघ. काडीपेटीच्या काड्या तोडून त्यात ठोकून घाल, मग लाकूड स्क्रूला धरेल. मुलाने आयुष्यात असलं काम केलं नव्हतं. दोनदा चुकला. मिस्त्री चिडले नाहीत. दोन्ही वेळा म्हणाले, पुन्हा काढ, घाई नाही. कडी लागली तेव्हा मुलाने ती उगाच पुन्हा पुन्हा लावून आणि काढून बघितली. घरी असताना या दोघांचं बोलणं औषधं आणि तब्येत यापलीकडे जात नसे. नऊताई पलंगावर कपड्यांच्या घड्या करत बसल्या होत्या, त्यांनी मुद्दाम घड्या करायला जास्त वेळ लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकीणबाईंचा भाऊ जीप घेऊन आला. जंगलात त्याच्याबरोबर जायचं होतं. मिस्त्री स्वेटर घालून तयार होते, सिलिंडर मुलाच्या खांद्याला होतं. जीपच्या पायरीवर त्यांनी पाय ठेवला, दांडा धरला, अंग वर ओढलं आणि तिथेच अडकले. ओठ निळसर झाले. मुलाने त्यांना उचलूनच खाली घेतलं आणि खुर्चीत बसवलं. श्वास जागेवर यायला बराच वेळ गेला. जीपवाला इंजिन बंद करून लांब जाऊन उभा राहिला.

नऊताईंनी स्वतःच्या डोक्यावरचा रुमाल सोडला. जायचं रद्द, त्या म्हणाल्या, जंगल काही पळून जात नाही. मिस्त्रींनी त्यांचा हात धरून त्यांना खाली वाकवलं. बोलायला त्यांना अजून जड जात होतं.

"तू जा."

"मी नाही जायची. तुम्हाला सोडून कुठे जाऊ?"

"मला बघायची होती ती झाडं इथे आहेत. माझं काम झालं." ते थांबले, श्वास घेतला. "आत काय आहे, ते मला कोण सांगणार मग?"

हे मशीन घरात आल्यापासून नऊताई वाण्याच्या दुकानापलीकडे गेल्या नव्हत्या. गेल्या तरी अर्धा जीव घरात ठेवून जायच्या. मालकीणबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी जा म्हटलं नाही, राहा म्हटलं नाही. "मी इथेच भाजी निवडत बसते," एवढं म्हणाल्या. मुलगा म्हणाला, "आई, मीही आहे. आणि लाथ कुठे घालायची ते मला माहीत आहे."

नऊताईंनी रुमाल पुन्हा बांधला आणि जीपमध्ये चढल्या.

जंगलात त्यांना जनावरं फारशी दिसली नाहीत. हरणांचा एक कळप दिसला, आणि खूप लांब गवतात एका हत्तीची पाठ, तीही जीपवाल्याने दाखवल्यावर. त्याला त्याचं वाईट वाटलं. गिऱ्हाईक नाराज होईल म्हणून तो आणखी आत जायला निघाला. नऊताईंनी त्याला थांबायला सांगितलं आणि इंजिन बंद कर म्हणाल्या. मग त्या झाडांची नावं विचारत गेल्या. हे कुठलं? त्याची साल अशी सोलल्यासारखी का? याला हात लावला तर चालेल का? जीपवाल्याला इतक्या वर्षांत झाडाचं नाव फारसं कोणी विचारलं नव्हतं. काही त्याला येत होती, काही येत नव्हती, तसं तो सांगायचाही. इंजिन बंद असलं की चहूकडून एक शांतता यायची. नऊताईंना ती ओळखीची वाटली. फोन उचललेला असावा, पलीकडे कोणीतरी असावं, आणि त्याने अजून बोलायला सुरुवात केलेली नसावी, तशी होती ती. कामावर असताना अशा शांततेत त्या हेडफोन कानावर घट्ट दाबून धरायच्या. आज हात मांडीवरच राहिले. उन्हाचे कवडसे अंगावर घेत त्या बसून राहिल्या. आपण बराच वेळ कोणाचीच काळजी केली नाही, हे ध्यानात आल्यावर त्या दचकल्या, आणि मग पुन्हा तशाच बसून राहिल्या.

विश्रामगृहाच्या आवारातलं ते झाडही त्यांनी बघितलं. कवेत घ्यायला तीन माणसं पुरली नसती हे खरं होतं. त्यांनी दोन्ही हात पसरून आपल्या वाट्याचं तेवढं धरलं आणि गाल सालीला टेकवला. साल गार होती.

परत आल्या तेव्हा ऊन चढलं होतं. खोलीत पलंग रिकामा होता. त्या उंबऱ्यातच थांबल्या. मग मागच्या दारातून मशीनची घरघर ऐकू आली. मुलाने आणि मालकीणबाईंनी मिळून मशीन दारापर्यंत ओढलं होतं, दवाखान्यातल्या नर्सकडून लांब नळी मागून आणली होती, आणि खुर्ची थेट अंगणातल्या झाडाखाली नेली होती. हंडे बाजूला ठेवले होते. मिस्त्री मुळीवर पाय ठेवून बसले होते आणि त्यांचा तळहात खोडावर होता. मुलगा पायाशी बसून भाजी निवडत होता, चुकीची पानं टाकत होता आणि मालकीणबाईंचं बोलणं खात होता.

"आलीस?" मिस्त्री म्हणाले. चेहऱ्यावर सकाळचा थकवा होता, पण निळेपणा गेला होता. "बघितलंस?"

"बघितलं."

"मग बस. पहिल्यापासून सांग. काही गाळू नकोस."

नऊताई दुसऱ्या खुर्चीत बसल्या. सगळा जन्म त्यांनी इतरांचं बोलणं जोडून दिलं होतं. स्वतःकडे सांगण्यासारखं इतकं काही असण्याची त्यांना सवय नव्हती. सुरुवात कुठून करावी कळेना, म्हणून त्यांनी गेटापासून केली. गेटावर एक आडवा बांबू आहे, म्हणाल्या, तो पहारेकरी दोरीने वर ओढतो. मग लाल मातीचा रस्ता. दोन्ही बाजूंना साग, इथे आहे तसाच, पण आत जाल तसा मोठा होत जातो. पानं हातभर रुंद. जीप खालून गेली की वाळलेली पानं उडतात आणि त्यांचा आवाज वाटेवर मागे मागे येत राहतो. मग एक वळण येतं, तिथे एक झाड आहे, त्याचं नाव जीपवाल्यालाही येत नव्हतं. खोड गुळगुळीत, पांढरट, रंधा मारल्यासारखं. हात लावून बघितला. तुम्ही पॉलिश करायच्या आधी लाकूड असायचं ना, तसंच लागलं.

मिस्त्रींच्या ओठांवर थोडं हसू आलं. त्यांचे डोळे मिटले होते. मान हळूहळू एका बाजूला कलली. खोडावरचा हात सैल पडून मांडीवर आला.

मुलाने वर बघितलं. मालकीणबाईंनी तोंडावर बोट ठेवलं आणि भाजीची पाटी उचलून त्या आवाज न करता आत गेल्या.

नऊताईंनी मिस्त्रींच्या छातीकडे बघितलं. स्वेटर हळूच वर होत होता, खाली जात होता. त्यांनी शाल त्यांच्या गुडघ्यांवर ओढली. आणि सांगायचं थांबवलं नाही. आवाज तेवढा खाली आणला आणि त्या पुढच्या वळणावर गेल्या.